मोठा फोटो

कळंबचे चिमाजीबाबा ओसरीवर बसून बशीतून चहा पीत होते आणि माझ्या वेबसाईटवर ते वारलेले होते. त्यांच्या मुलाचा, दादाभाऊंचा, फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. फोन खांद्याने कानाशी दाबून मी म्हटलं, बोला. "ताई, गावशीववाल्या तुमीच ना? आवो, माझा बाप हितं माझ्या पुढ्यात बसलाय आन् तुमी त्याला घालवलाय राव." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं, कारण रागावलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे दुकानदाराच्या मुलीला शिकवावं लागत नाही. हा माणूस हळू बोलत होता, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, पान पुन्हा उघडून बघा. "धा येळा उघडलं. राखाडीच हाय." मग थोडं थांबून, "माझ्या बहिनीच्या मोबाईलवर बी तसंच. शेजारच्याच्या मोबाईलवर मातर बरोबर दिसतंय. आसं कसं व्हतं ओ?" मी हात धुतले, लॅपटॉप उघडला. चिमाजी, स्वच्छ काळ्या अक्षरांत. माझ्या फोनवर उघडलं, तिथेही काळेच. बघते म्हणून सांगितलं आणि पोळ्या करायला घेतल्या.

गावशीव म्हणजे काय हे जुन्नर-आंबेगावात आता सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. गाव उघडायचं, गावातलं घर उघडायचं, की घरातल्या माणसांची नावं ओळीने दिसतात. बायकांची नावं मी दोन्हीकडे ठेवते, सासरी आणि माहेरीही. नावावर बोट ठेवलं की तिथल्या तिथे छोटी चौकट उघडते: फोन नंबर, वस्ती, नखाएवढा फोटो. चौकटीच्या तळाशी 'मोठा फोटो' असे दोन शब्द आहेत, त्यांवर बोट ठेवलं तर त्या माणसाचं स्वतंत्र पान उघडतं. पण तिथपर्यंत सहसा कोणी जात नाही. लोक येतात ते दहाव्यासाठी. आमच्याकडे एक वेळ लग्न चुकलेलं चालतं, दहावा चुकलेला चालत नाही. नदीकाठी मांडव, प्रवचन, मग एकेक पुढारी माईक धरून श्रद्धांजली वाहणार, आणि कोण आलं नाही ते घरच्यांच्या बरोबर ध्यानात राहणार. गावोगावची ओळखीची माणसं मला कळवतात आणि मी त्या नावाचा रंग बदलते. गेलेल्याचं नाव मी काढून टाकत नाही, ते राखाडी होतं. यात माझा थोडा शहाणपणा होता. बहुतेक घरांत गेलेल्याच्या नावाआधी कै. लिहितात, माझ्या माहेरी स्व. लिहितात, सासरी कालकथित, मुसलमान घरांत मरहूम. म्हणजे माणूस गेला तरी त्याची जात नावाच्या पुढे उभीच. मी मंचरच्या धरमचंद कटारियांची, जैन कापडवाल्यांची, मुलगी सिद्धी, आणि अवसरी बुद्रुकच्या बौद्ध घरातली सून. या शब्दांचा मला पुरेसा वैताग आलेला होता. म्हणून सगळ्यांना एकच खूण ठेवली. असलेला काळा, गेलेला राखाडी. दुसरं काही त्या नावाजवळ लिहायचं नाही.

दादाभाऊ मोबाईल दाखवायला येणार होते. त्याआधी त्यांनी तो मोबाईलच्या दुकानात नेला, दुकानदाराने आतला सगळा कचरा साफ करून दिला आणि चिमाजीबाबांचं नाव पुन्हा काळं झालं. मिटलं, असं मी म्हटलं. जो दोष आपोआप जातो तो आपोआप परत येतो हे आमच्या धंद्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं, पण सकाळच्या घाईत ते कोणाला आठवतं. त्याच आठवड्यात दादाभाऊंचा पुन्हा फोन आला. या वेळी ते हळू बोलत नव्हते, आणि मागे बायकांचा आवाज होता. "ताई, आता करा राखाडी," ते म्हणाले. "आता खरं हाय." मी दहाव्याचं ठिकाण विचारून घेतलं आणि रंग बदलला.

मग गोळेगावच्या साळुबाई. लेण्याद्रीच्या पायथ्याशी त्यांचं फुलं-नारळाचं दुकान. शाळेच्या सहलीत आम्ही पोरी तिथूनच काकड्या घ्यायचो. त्यांची नात कल्याणी कॉलेजात शिकते, तिने फोन न करता आपल्या मोबाईलच्या पडद्याचं चित्रच पाठवलं. घरातली सगळी नावं काळी आणि मधोमध साळुबाई राखाडी. 'मॅडम, आजी ॲडमिट आहे पण बरी आहे. असं का दाखवतंय?' ते चित्र मी वाढवत नेलं, अक्षरांच्या कडा फुटून चौकोन दिसायला लागेपर्यंत. रंगाला आमच्या कामात नंबर असतो, तो ताडून पाहिला. राखाडी माझाच होता. फोन जुना असला की रंग जरा पिवळट दिसतो, निळसर दिसतो, पण हा नेमका तोच, मी स्वतः चार दिवस घोळून निवडलेला, चुलीतल्या राखेपेक्षा किंचित गार. साईटच्या आतल्या नोंदीत साळुबाई जिवंत होत्या. कल्याणीला मी लिहिलं की तांत्रिक अडचण आहे, आजींची काळजी घे. आजी दवाखान्यातून घरी आल्या नाहीत.

दोन नावं म्हणजे शहरात योगायोग. आमच्याकडे तेवढ्यावर निकाल लागतो. 'गावशीववर नाव राखाडी पडलं की गडी महिना काढत न्हाई' असं स्टँडवर बोलतात, हे सुगतने, माझ्या नवऱ्याने, हसत हसत येऊन सांगितलं. तो वीज कंपनीत आहे, खांबावर चढतो; जे तारेत नाही त्याची त्याला भीती वाटत नाही. मला मात्र फोन यायला लागले. चांगले शिकलेसवरलेले लोक आडून आडून विचारायचे. एका सोसायटीच्या चेअरमननी आधी साईटचं तोंड भरून कौतुक केलं, मुलाबाळांची चौकशी केली, आणि मग म्हणाले, "ताई, सहज म्हनून इचारतो, आमचं नाव तुमच्याकडं काळंच दिसतंय ना?" मी हो म्हणायचे. म्हणताना एकदा उघडून खात्रीही करून घ्यायचे. माझ्या सासूबाई, द्रौपदाबाई, म्हणायच्या, "असलं काय नसतं. मोबाईलमधी मानूस मरतो का कुठं?" आणि रोज सकाळी चष्मा पुसून स्वतःचं नाव बघून घ्यायच्या.

असा दोष धरणं म्हणजे आमच्याकडचा बिबट्या धरणं. तो नेहमी दुसऱ्याला दिसतो. उसाच्या कडेला, बंधाऱ्यावर, कोणाच्या तरी मेव्हण्याला. वनखात्याने पिंजरा लावला की आतली शेळी सकाळी निवांत रवंथ करत बसलेली असते आणि त्याच सकाळी दुसऱ्या टोकाच्या वस्तीवरचं कुत्रं गेलेलं असतं. मी पिंजरे लावले. जुने फोन मागून आणले, नेट मुद्दाम मंद करून पाहिलं, अक्षरांचा फॉन्ट बदलला. चाचणीसाठी मी ब्राउझरची खासगी खिडकी वापरते. तिला मागचं काही आठवत नसतं, दर वेळी ती जग पहिल्यांदाच बघते, आणि म्हणून तिच्यात दिसलेला दोष वेबसाईटचाच असतो, फोनमधल्या जुन्या कचऱ्याचा नसतो. ही शिस्त मला कॉलेजात लागली आणि तिचा मला अभिमान होता. त्या खिडकीत सगळी गावं धडधाकट होती. भीतीचं म्हणाल तर ती पडद्यासमोर वाटत नव्हती. ती भांडी घासताना वाटायची, मानेच्या मागे, ओलसर. आत्ता, या घटकेला, कुठल्या तरी वाडीत चार्जिंगला लावलेल्या एखाद्या फोनवर कोणाचं तरी नाव हळूहळू विटत असेल आणि त्या फोनकडे बघणारं कोणी नसेल, असं मनात यायचं. मग हात पुसून मी आत जायचे आणि अख्खं अवसरी वरून खाली वाचून काढायचे. आमच्या घरापाशी जरा सावकाश: द्रौपदा, सुगत, सिद्धी.

एका दुपारी सासूबाईंचा फोन चुलीशेजारच्या फळीवर उघडाच राहिला होता. जुन्नरचं पान होतं, त्यांच्या माहेरचं घर. सगळी नावं काळी आणि खंडू राखाडी. खंडूमामा म्हणजे सासूबाईंचा पाठचा भाऊ, दगडासारखा माणूस. हातात पहिल्यांदाच जिवंत दोष सापडला होता, म्हणून मी फोनला केबल लावली आणि लॅपटॉपला जोडला. पडद्यावर दिसणाऱ्या कुठल्याही अक्षराचा रंग कोणता, हे ब्राउझरलाच विचारता येतं. मी विचारलं. उत्तर आलं: काळा. मी फोनकडे पाहिलं: राखाडी. पुन्हा विचारलं. काळा. बारा वर्षं मी हे काम करते. यंत्र बंद पडतं, अडकतं, चुकीचा हिशेब करतं, पण डोळ्यांदेखत असलेली गोष्ट ते नाकारत नाही. हे नाकारत होतं. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही. संध्याकाळी सुगतला सांगितलं तेव्हा त्याने मामांना फोन लावला. मामा जेवत होते. "तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय," सुगत मला म्हणाला. मी मात्र त्यानंतर रोज काही ना काही निमित्त काढून मामांचा आवाज ऐकायला लागले.

त्याच दिवसांत संयमने फोटो पाठवला. संयम माझा धाकटा भाऊ. दुकान आता तोच बघतो. माहेरचा तो एकटा माझ्याशी बोलतो, तेही पप्पा वरच्या मजल्यावर असतील तेव्हा. पप्पांच्या फोनचा पडदा त्याने आपल्या फोनने टिपला होता, घाईत, तिरका, वरचा भाग कापलेला. संयम. डिंपल, ही त्याची बायको. शेवटी सिद्धी. पहिली दोन काळी. खाली त्याने लिहिलं होतं, 'दीदी, हे पप्पांच्या फोनवर आहे. माझ्या फोनवर नीट दिसतंय. तू ठीक आहेस ना?' मी ठीक होते. मी उठून पाणी प्यायले, आणि पाणी घशाखाली गेलं याची उगाच नोंद घेतली. मग नोंदवही म्हणावी तशी साईटची आतली बाजू उघडली. नोंदीत मी जिवंत होते. पण ती नोंद मीच केलेली, म्हणजे साक्षीदारही मीच, आणि अशी साक्ष कोण मानतं?

सुगतशी लग्न केल्यावर काही दिवसांनी दुकानात कोणी तरी पप्पांना विचारलं होतं, मुलंबाळं किती. ते गादीवर बसून कापड मोजत होते. "एक मुलगा," ते म्हणाले, आणि पुढचा मीटर मोजला. हे मला डिंपलने सांगितलं होतं. सांगू नये ते सांगण्याची तिला हौस आहे. गेल्या वर्षी माझी आजी झमकूबाई गेली तेव्हा मला बोलावणं आलं नाही. मंचरहून जो मुलगा बातम्या कळवतो त्याने इतर घरांचं कळवावं तसं कळवलं आणि मी आजीचं नाव राखाडी केलं, अवसरीला माझ्या टेबलाशी बसून, एरवी लागतो तितक्याच वेळात. तेव्हा रडू आलं नव्हतं. आता संयमने पाठवलेल्या त्या तिरक्या चित्रात आपलं नाव बघताना मला वाटलं की पप्पांनी सहा वर्षं मनात धरलेलं शेवटी त्यांच्या फोनने उचललं. वेडगळ विचार, कबूल आहे. पण तो विचार माझ्याबरोबर विहिरीवर आला, बाजारात आला, आणि आरशासमोर केस विंचरताना मी दोनदा थांबले, रंग बघायला.

लेण्याद्री आठवली ती तेव्हाच. माझ्या पानावर मी जो फोटो लावला आहे तो तिथल्या पायऱ्यांवरचा, मी सातवीत असतानाचा. शेजारी पप्पा उभे होते. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांना कशाला, म्हणून मी त्यांना कापलं, पण माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात कापता येईना. तो राहिला, चामडी पट्ट्याच्या घड्याळासकट. त्या दिवशी वरच्या मोठ्या लेण्यात, जिथे एवढ्या छताला मधे एकही खांब नाही आणि भोवती भिक्खूंच्या काळोख्या खोल्या आहेत, मी जोरात माझंच नाव पुकारलं होतं. ते परत यायला किंचित उशीर झाला, आणि आलं ते कुठल्या तरी एका खोलीतून, दुसऱ्याच मुलीच्या आवाजात. मी ओ देणार होते. पप्पांनी माझं मनगट धरलं. "आपल्याला आपण हाक मारू नये," ते म्हणाले. मी विचारलं, का? त्यांना कारण माहीत नसावं. "कोणी मारत नाही," एवढंच म्हणाले, आणि खाली उतरेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. पोरीचा हात धरून उतरणारा तो माणूस आणि कापड मोजणारा तो माणूस यांना मी मनात शेजारी शेजारी उभं करून बघायचे, आणि दर वेळी त्यांतला एक जण फिका पडायचा.

उलगडा झाला तो सासूबाईंच्या मागे चहा घेऊन उभी असताना. त्या पुढच्या अंगणात खाटेवर बसल्या होत्या, पाठमोऱ्या. त्यांनी खंडूच्या नावावर बोट ठेवलं, चौकट उघडली, आणि मग बोट सावकाश खाली नेऊन 'मोठा फोटो'वर ठेवलं. मामांचा चेहरा पडदाभर उघडला. त्या बघत बसल्या. चहा निवत आला तेव्हा मी विचारलं, "आई, काय बघताय?" "काय न्हाई. त्याचं तोंड बघत व्हते." "मग फोन लावा की त्यांना." "बोलत न्हाई त्यो माज्याशी. लेकीच्या लग्नात मानाच्या साडीवरनं काय तरी झालं त्याचं. मंग हितंच बघती. मोठा दिसतो, समोर बसल्यावानी." त्या मागच्या पानावर आल्या; यादीत खंडू राखाडी होता. माझ्या डोक्यात काही तरी हललं. मी म्हटलं, "आई, आता सुगतचा मोठा फोटो उघडा बरं." त्यांनी उघडला. "आता मागं या." त्या मागे आल्या. सुगत राखाडी झाला होता. सासूबाईंनी फोन खाटेवर उपडा ठेवला आणि पदर तोंडाला लावला, आणि मी, मला आजही सांगताना लाज वाटते, हसत सुटले.

गोष्ट एवढीच होती. वेबसाईटचा साचा मी आयता घेतला होता, आणि अशा साच्यांत एक जुनी रीत असते: जे पान तुम्ही एकदा उघडून बघितलंत त्याचा दुवा फिका करायचा, म्हणजे कुठे जाऊन आलात ते कळतं. साच्यात ही रीत फक्त फोनच्या अरुंद पडद्यापुरती होती, आणि त्या फिक्या रंगाच्या जागी, एकच रंग सगळीकडे असावा म्हणून, मी माझा राखाडी बसवला होता. नावामागे त्या माणसाच्या पानाचाच दुवा असतो, पण नुसत्या नावावर बोट ठेवून पान उघडत नाही, चौकटच उघडते. पान उघडतं ते मोठा फोटो बघणाऱ्याचं. माझ्या खासगी खिडकीला तर मागचं काही आठवतच नाही, तिला कोण कुठे जाऊन आलं हे कसं दिसावं? आणि ब्राउझर खोटं बोलला तेही बरोबरच होतं. कोण कोणाचं पान उघडून बघतं हे वेबसाईटवाल्यांना कळू नये म्हणून त्याला मुद्दाम तसं शिकवलेलं असतं: डोळ्याला खरा रंग दाखवायचा, पण कोणी विचारलं तर म्हणायचं, नाही, इथे कोणी आलं नव्हतं. कॉलेजात हे वाचून मी परीक्षेत लिहिलंही होतं. राखाडी नाव पुढचं काही सांगत नव्हतं. दादाभाऊ आणि त्यांची बहीण बापाचा थकलेला चेहरा मोठा करून बघत होते, कल्याणी दवाखान्याच्या बाकावर बसून आजीचा, आणि म्हणून ती नावं राखाडी होती. दुरुस्ती एका ओळीची होती. ती मी तिथल्या तिथे लिहिली, तपासली, आणि साईटवर चढवायच्या आधी माझा हात थांबला, कारण तेव्हा मला पप्पा आठवले. सिद्धी राखाडी होती ती त्यांच्या फोनवर. म्हणजे पप्पांनी माझा फोटो मोठा करून बघितला होता. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हातही बघितला असणार. मी मागच्या अंगणात गेले, न्हाणीच्या आडोशाला उभी राहून पोटभर रडले, आणि मला फार, फार आनंद झाला होता.

तो आनंद तोंड धुईपर्यंत टिकला. दोरीवरचा टॉवेल ओढताना मनात आलं, आत्ताच का? लग्नाला सहा वर्षं झाली. रोज सकाळी संयमच पप्पांच्या फोनवर गावशीव उघडून त्यांना दहावे वाचून दाखवतो. माझं नाव आधी राखाडी असतं तर त्याला आधीच दिसलं असतं. म्हणजे हे नुकतंच. सहा वर्षं ज्याने मान वळवली नाही तो माणूस या महिन्यात का बघतो? चिमाजीबाबांकडे, साळुबाईंकडे बघणारी माणसं होती, आणि ती दोघं जाणारी होती. दोघांतलं एक जाणारं असलं की असं बघितलं जातं. मी तर ठणठणीत होते. मी संयमला फोन लावला, आणि तो हॅलो म्हणायच्या आत विचारलं, "पप्पांना काय झालंय?" पलीकडे दुकान चालू होतं, कोणी तरी परकराचं कापड मागत होतं, टर्रकन फाडल्याचा आवाज आला. मग तो बाहेर रस्त्यावर आला असावा, कारण गाड्या ऐकू यायला लागल्या. "तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला.

पोटात गाठ होती. पुण्यात दाखवून झालं होतं; कापून उपयोग नाही म्हणाले होते. पप्पांनी घरात बजावलं होतं की तिकडे कळवायचं नाही. मी स्कूटी काढली. सासूबाईंनी काही न विचारता डब्यात शिरा भरला, मग माहेरच्या घरात कांदा-लसूण चालत नाही हे आठवून डबा उघडून पुन्हा बघितला, शिराच आहे ना म्हणून. दुकानाशेजारच्या जिन्याने मी वर गेले. दार डिंपलने उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा ती काही बोलली नाही. पप्पा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून. तेच घड्याळ होतं. आता ते मनगटावरून कोपराकडे घसरत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागच्या दाराकडे, सुगत आहे का बघायला. "बस," ते म्हणाले. मी बसले. "जेवलीस?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते. मी शिऱ्याचा डबा खिडकीत ठेवला.

"तुझी ती साईट बिघडलीय म्हणे," ते म्हणाले.

"सापडला बिघाड. मोठा फोटो उघडून बघितला की नाव राखाडी दिसत होतं. तुमच्या फोनवर माझं दिसत होतं."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "मी कशाला बघायला जाऊ?"

"हो ना," मी म्हटलं. विचारणाऱ्याला हेच उत्तर द्यायचं असतं, आणि ते मानून घ्यायचं असतं, हे मला आता ठाऊक होतं. शेजारच्या स्टुलावर त्यांचा फोन होता. देऊ का नीट करून, असं विचारून मी तो घेतला. कटारियांचं घर उघडलं. सगळ्यात खाली सिद्धी, राखाडी. डिंपल काळी, संयम काळा. मग मी बोटाने यादी खाली ओढली आणि संयमच्या चित्रात जो भाग कापला गेला होता तो वरून उतरला. झमकूबाई राखाडी. तिच्याखाली धरमचंद, राखाडी. मी बघत राहिले. खोलीत उन्हाचा पट्टा होता, खाली भाव चालला होता, आणि माझ्या अंगावर त्या लेण्यातला गारवा आला. त्यांनी स्वतःचं पान उघडून बघितलं होतं. नंतर लोकांच्या फोनवर आपण कसे दिसणार, ते. हाक मारून, आणि परत काय येतं ते ऐकत, इथे या खुर्चीत, एकट्याने.

मी माझ्या फोनवरून दुरुस्ती चढवली आणि त्यांच्या फोनवर पान पुन्हा उघडलं. धरमचंद काळे झाले, सिद्धी काळी झाली. फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वरून खाली वाचलं, दुकानाचं बिल वाचतात तसं. "माझ्या आईचं राहिलं," ते म्हणाले. "ते खरं आहे, पप्पा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. फोन मांडीवर ठेवला, चष्मा काढला, आणि स्वेटरच्या टोकाने काच पुसत बसले.

"माझा फोटो बदल तो," ते म्हणाले.

त्यांच्या पानावर संयमने दिलेला आधार कार्डावरचा फोटो होता. त्या फोटोत सगळेच पकडून आणल्यासारखे दिसतात.

"बरा नाही तो. मोठा केला तरी नीट दिसेल असा लाव. आत्ताच काढ. नंतर आणखी उतरेन मी." त्यांनी स्वेटर काढून टाकला, शर्टाचं वरचं बटण लावलं, घड्याळ ओढून मनगटावर आणलं आणि ते पुन्हा घसरू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरून ठेवलं. "इथे उजेड पुरेल?"

पुरेल, मी म्हटलं. मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि फोन धरला. सहा वर्षांनी मी त्यांचा चेहरा असा समोरून, सरळ बघत होते, आणि तेही माझ्याकडे बघत होते, कारण फोटो काढताना समोर बघावंच लागतं.

"हलू नका, पप्पा," मी म्हटलं.

ते हलले नाहीत. फोटो निघेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.